काढून ठेवा

"खराब हो गई, काका. मशीन ही बैठ गई. अब मशीन के आगे किसका चलता है?"

हेमराज बाहेर हे सांगत होता तेव्हा ते मशीन आतल्या खोलीत, सत्यभामाच्या गुडघ्याशेजारी, दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं एका लयीत घुरघुरत होतं. त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं. मधे फक्त प्लायवूडची भिंत होती, आणि हेमराजच्या लॅबमधल्या त्या प्लायवूडमधून शिंकसुद्धा आरपार जायची.

"बैठली म्हंजे?" बाहेरचा म्हातारा विचारत होता. "मंग उठन ना. म्या थांबतो. खैरलांजीची बस पाच वाजता हाये."

"नहीं उठेगी, काका. सब उड़ गया."

"पण म्या फोनवर सांगतलं होतं ना तुमाले. पोरीचे फोटो काढून ठेवा म्हणलं होतं."

सत्यभामाचे हात कीबोर्डवर होते तिथंच राहिले.

काढून ठेवा.

"अरे काका, लड़की के पास एल्बम होगा ना," हेमराज म्हणाला. त्याच्या आवाजात गिऱ्हाईक टाळतानाचा गोडवा आला होता. "उससे मँगवा लो. हम स्कैन कर देंगे, बिल्कुल नया बना देंगे."

"पोरगी नाई आता."

बाहेर हेमराजची खुर्ची करकरली.

"होळीच्या आधी विहिरीतून काढली तिले," म्हातारा म्हणाला. "तिच्या सासरी. पाय घसरला म्हणतेत. अल्बम गिल्बम सारं त्यायच्याच घरी. महेंद्र गेलता मागाले, माहा पोरगा, तं म्हणे आलमारीची चाबी नाई सापडत."

"तो मोबाइल में? आजकल तो सबके मोबाइल में रहता है, काका."

"महेंद्रच्या मोबाईलवर हायेत ना दोन. पण पोरीनं त्यात थे कुत्र्याचे कान लावले. नाकावर काळं, आन् गालावर चांदण्या. हसून राह्यली. आन् आधारवरचा पाह्यला तं तिची माय म्हणते, हे माही पोरगी नोहे. आता विहारात कार्यक्रम ठेवला आमी. फोटो नाई तं हार कोणाले घालाव? तिच्या मायनं सांगून पाठवलं, काही करा, पण तिचं तोंड घेऊन या."

सत्यभामानं हात मांडीवर घेतले.

या म्हाताऱ्याचा फोन आला त्या मंगळवारी सकाळपासून हेमराजच्या तोंडात एकच शब्द होता. निकाल दो. मे महिन्यात असंच असतं. बैहरपासून राजेगावपर्यंतचे फोटोग्राफर लग्नांची मेमरी कार्डं घेऊन येतात, लॅब अल्बम छापते, पेन ड्राइव्ह वरपक्षाच्या घरी जातो आणि मागे उरलेलं ओझं मशीनमध्ये पडून राहतं. जागा संपली की जुनं काढायचं. "भाभी, पिछले साल का वारासिवनी निकाल दो. लालबर्रा वाले दोनों निकाल दो." ती काढत होती. दुपारी फोन वाजला. हेमराज बराच वेळ हौ, हौ करत राहिला आणि मग दारातून डोकावून म्हणाला, "भाभी, खैरलांजी वाले दुलीचंद का फोन था. उनकी लड़की है ना, रचना, उसका फोल्डर भी निकाल दो."

मुलीचा बाप स्वतः फोन करतो म्हणजे काय झालं असेल, हे तिनं विचारलं नाही. असे फोन येत असतात. लग्न मोडतं, आणि मुलीकडच्यांना धास्ती पडते की तिचे फोटो कुठंतरी राहतील, उद्या कोणी मोबाईलवर फिरवतील. गावोगावी लग्नं जुळवणाऱ्या बाया असतात. मोडलेली लग्नं मिटवणारी बाई बालाघाटात बहुधा सत्यभामा एकटीच असावी.

तशी ती इथं लागली अल्बम चिकटवायला. तेव्हा डिंकाचा डबा होता, ब्रश होता, आणि नवरीच्या कपाळावर बुडबुडा राहू नये म्हणून तळहातानं फोटो पुसायची कला होती. मग छापील अल्बम आले आणि डिंक गेला. तिचा नवरा प्रेमलाल बैहरच्या जीपवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी येणार आणि आला की झोपणार. काम सोडून चालण्यासारखं नव्हतं. त्याच सुमाराला गोंदियाच्या एका इंजिनियरनं आतल्या खोलीत हे मशीन बसवून दिलं. त्याला ना माऊस, ना चित्रं. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. जे हवं ते टाइप करून सांगायचं. हेमराजला त्या काळ्या पडद्याची भीती वाटायची. सत्यभामाला वाटली नाही, कारण ती पडद्यांना घाबरण्याच्या वयाची नव्हती.

इंजिनियरनं दोन दिवस शिकवलं. जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "बाई, यात कचऱ्याची टोपली नाही. घरच्या कॉम्प्युटरवर चुकून काढलं तर टोपलीतून उचलता येतं. इथं आरएम मारलं की गेलं. मागून हाक मारायची सोय नाही."

ते तिनं मनाला लावून घेतलं. काढण्याआधी ती दर वेळी मशीनला विचारायची, मी कुठं उभी आहे? त्यासाठीची आज्ञा होती पीडब्ल्यूडी. रस्ते बांधणाऱ्या खात्याचंच नाव, फक्त हे खातं विचारल्यावर उत्तर द्यायचं. मग एलएस मारून त्या फोल्डरात काय काय आहे ते डोळ्यांखालून घालायची. मग आरएम, पण त्याला आय जोडून. आय जोडला की मशीन एकेका फाईलसाठी थांबून विचारतं, ही काढू? वाय म्हटलं तर काढतं, एन म्हटलं तर सोडतं. फोल्डर रिकामं झालं की शेवटची आज्ञा, आरएमडीआयआर. ही तिची सगळ्यांत लाडकी. कारण ती फक्त रिकामं फोल्डर पाडते. आत एक जरी फाईल राहिली असेल तर हात लावत नाही, तसं सांगते आणि उभी राहते. असा सरळपणा सत्यभामानं माणसात फारसा पाहिला नव्हता.

एरवी ती आणखी एक करायची. काढायचं ते आधी 'रद्दी' नावाच्या फोल्डरात पंधरवडाभर ठेवायची. पण रद्दीत ठेवल्यानं जागा मोकळी होत नाही, आणि त्या मंगळवारी संध्याकाळी वारासिवनीची दोन नवी लग्नं येऊन पडणार होती. "मरा हुआ माल घर में मत रखो, भाभी," हेमराज म्हणाला होता.

तेव्हा तिनं रचनाचं फोल्डर उघडलं. उभी कुठं आहे ते पाहिलं. आत काय आहे ते पाहिलं. डीएससी आणि पुढे आकडे, अशा नावांच्या ओळीच्या ओळी. काळ्या पडद्यावर माणसाचं तोंड दिसत नाही. मग मशीननं विचारायला सुरुवात केली, ही काढू? वाय. ही काढू? वाय. तांदूळ निवडायला बसावं तशी ती बसली होती. प्रत्येक फोटोसाठी मशीननं विचारलं आणि प्रत्येक फोटोसाठी तिनं हो म्हटलं. कुठं चुकली नाही, कुठं घाई केली नाही. फोल्डर रिकामं झालं, आरएमडीआयआरनं मुकाट्यानं पाडलं. काम नीट झालं की मशीन काही बोलत नाही.

आणि अशा वेळी ती नेहमी म्हणायची तसं तेव्हाही हळूच म्हणाली होती, "सुटली बाई तू. आता सुखानं राह्य."

"ठेवा" हा शब्द कुठं गळाला ते आता तिला दिसत होतं. इथल्याच, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीहून तो निघाला तेव्हा होता. हेमराजच्या कानापर्यंतही आला असेल. हेमराजची सासुरवाडी गोंदियाची, त्यामुळे आपल्याला मराठी येतं असा त्याचा पक्का समज. त्यानं ऐकलं मराठीत, सांगितलं हिंदीत, आणि 'काढून ठेवा'चं झालं 'निकाल दो'. राजेगावच्या सरहद्दीच्या नाक्यावर ट्रक अडवतात तसा तो एवढासा शब्द मधेच कुठंतरी अडवला गेला.

बाहेर हेमराज म्हणत होता, "पानी पियो, काका. फिर बस स्टैंड छोड़ देता हूँ."

सत्यभामा उठली आणि बाहेर आली.

बाकावर बसलेला माणूस तिला वाटला होता तेवढा म्हातारा नव्हता. नुकताच झालेला होता. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, पाय बाकाच्या आत ओढून घेतलेले, दवाखान्यात बसतात तसे.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम, बाई."

"मशीन नाई बिघडली," ती म्हणाली. "तुमच्या पोरीचे फोटो म्याच काढले."

"भाभी," हेमराज म्हणाला.

पण दुलीचंदचा चेहरा एकदम उजळला. तो बाकावरून अर्धा उठलाच. "काढले? मंग आधी नाई का सांगाव, बाप्पा! द्या ना मंग." आणि तो पिशवीची नाडी सोडायला लागला.

नाडीची गाठ बसली होती. तो ती नखानं सोडवत होता आणि सत्यभामा पाहत होती. तिला वाटलं ही गाठ सुटूच नये.

"तसे नाई काढले, भाऊ," ती म्हणाली. "मिटवले. काढून टाकले. तुमचा निरोप मले असा समजला का तुमाले ते नाई पाहिजे."

गाठीवरची नखं थांबली.

"म्या ठेवा म्हणलं होतं," दुलीचंद म्हणाला. तिला नाही, हेमराजला.

"काका, मैंने वही तो बोला," हेमराज म्हणाला. "आपने काढून बोला. काढून मतलब निकाल के. मैंने बोला निकाल दो." मग त्यानं स्वतःचंच वाक्य मनात एकदा फिरवलं असावं, कारण तो काउंटरवरचा कॅलक्युलेटर सरळ करू लागला.

दुलीचंद पुन्हा खाली बसला आणि पिशवीची नाडी, न सुटलेलीच, ओढून घट्ट केली.

"एकबी नाई ऱ्हायला?"

"पाह्यतो म्या," ती म्हणाली. "या, आत बसा."

मिटवलेल्या फाईली शोधणारा एक प्रोग्रॅम होता. तिनं तो लावला आणि सापडलं ते शेजारच्या, चित्रं दिसणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं. पण त्या जागेवर वारासिवनीची दोन्ही लग्नं येऊन बसली होती. वर आलं ते असं : मंडपाची निळी झालर, खाली सगळं राखाडी. तथागतांच्या मूर्तीपुढच्या मेणबत्त्या, खाली राखाडी. पांढऱ्या साडीचा पदर आणि त्यावरची दोन मेंदीची बोटं, वर राखाडी. माणूस आलं नाही.

"हे बोटं तिचे असतीन?" दुलीचंदनं विचारलं.

"सांगता नाई येत, भाऊ."

"हौ," तो म्हणाला. "मेंदीत साऱ्याच पोरीयचे हात सारखे दिसतेत."

सत्यभामानं खुर्ची त्या कॉम्प्युटरच्या आणखी जवळ ओढली. "दुसऱ्याच्या लग्नात गेली असन ना ती? तुमच्या भागातले सारे फोटोग्राफर आमच्याचकडे येतेत. कोणाच्या तरी फोटोत उभी असन. आठवा."

दुलीचंदनं आठवलं. "मयुरीच्या लग्नात होती ना. तिची मैतरीण. सारा दिवस तिच्यासोबत नाचली."

"कधीचं?"

"दोन वर्षं झाले."

सत्यभामानं मान हलवली. "थे काढलं."

"माह्या साळ्याच्या पोराचं? कटंगीले?"

"थेबी."

"शालिकराम पटलाच्या नातीचं? त्यात रचनानं गाणं म्हणलं होतं माईकवर."

"भाऊ, मागच्या साली पावसाळ्याच्या आधी सारं साफ केलं आमी."

"तुमीच?"

"म्याच."

दुलीचंदनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मोठं काम करता, बाई तुमी," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

आता एकच लग्न उरलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर येत नव्हतं हे तिला कळत होतं. शेवटी त्यानंच सांगितलं. "तिच्या नणदेचं झालं ना, प्रियंकाचं. फेब्रुवारीत. म्याबी गेलतो तासभर. जेवलो आन् आलो."

ते फोल्डर होतं. अल्बम अजून नेलेला नव्हता, म्हणून राहिलं होतं.

हेमराज दारात उभा होता. "भाभी, वो दूसरी पार्टी का माल है," तो हळू आवाजात म्हणाला. "उन्हीं लोगों का. कल को झगड़ा हुआ तो दुकान पे आएँगे." त्यानं दुलीचंदच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याच्या मागे घामाचा मोठा डाग पडला होता. "मैं चाय बोलने जा रहा हूँ," तो म्हणाला. "मैं यहाँ था ही नहीं." आणि खरंच बाहेर गेला.

सत्यभामानं पहिला फोटो उघडला. मग दुसरा. दुलीचंद पडद्याच्या इतका जवळ वाकला की त्याच्या श्वासानं काच धूसर व्हायला लागली.

"हे नवरी. हे तिची आजी, बहिरी हाये. हे सासू रचनाची." मग एक तरुण, गॉगल लावलेला, नवरदेव मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून हसणारा. दुलीचंदनं जावयावरची नजर बाजूला घेतली. सत्यभामानं न विचारताच पुढचा फोटो लावला.

"सांगा बरं मले. म्या तिले कधी पाह्यलं नाई," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाक्याचं वजन कळलं.

"सावळी हाये. उंच. मायवर गेली."

पुष्कळ वेळ कोणीच सावळं-उंच आलं नाही. मग त्यानं काचेवर बोट टेकवलं. "हे!" हळदीच्या फोटोच्या कडेला एक कोपर होतं, आणि हिरवी बांगडी. बाकीची बाई चौकटीबाहेर. पुढच्या एकात पाठ दिसली, कमरेवर पाण्याची घागर. एकात वाकलेली, पत्रावळी उचलताना. केसांनी तोंड झाकलेलं. एकात ती पूर्ण होती, पण समोरून वाढप्याचं पातेलं गेलं आणि तोंडावर वाफ आली. फोटोग्राफरनं तिचा एकही फोटो काढला नव्हता. तो दुसऱ्यांचे काढत होता आणि ती मधून जात होती.

मग घरच्यांचा फोटो आला. सगळे ओळीत, लहान पोरं पुढे मांडी घालून, नवी सून म्हणून दिराची बायकोसुद्धा होती.

"ह्याच्यात काहून नाई ती?" दुलीचंदनं विचारलं.

सत्यभामानं उत्तर शोधलं. "कोणीतरी चुलीपाशी पाहिजे ना, भाऊ."

"हौ," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरची मोठी सून हाये ना ती."

चहा आला, थंड झाला. फोटो संपत आले होते. शेवटी पंगतीचे होते. जेवणाऱ्यांचे फोटो कोणी छापत नाही, पण फोटोग्राफर सवयीनं काढतात. त्यातल्या एकापाशी दुलीचंदनं तिचा हात धरला.

समोर, मोठा, स्वच्छ, तो स्वतः होता. हाच पांढरा सदरा. तोंडात जिलेबी, गाल फुगलेला, डोळे अर्धे मिटलेले. जेवण चांगलं झालं होतं हे दिसत होतं. आणि त्याच्या खांद्यामागे, दूर, टिनाच्या शेडखाली भांड्यांच्या ढिगाशेजारी एक सावळी उंच बाई उभी होती. हातातलं काम तसंच धरून. साऱ्या लग्नात पहिल्यांदा तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. कॅमेऱ्याकडे नव्हतं खरं तर. बापाच्या पाठीकडे होतं.

सत्यभामानं तो भाग मोठा केला. चेहरा ओढलेला होता. फेब्रुवारीतल्या उन्हाच्या दुपारीही ब्लाउजची बाही मनगटापर्यंत आणलेली. ओठ जरा उघडे होते, हाक मारायच्या आधी उघडतात तेवढे.

दुलीचंद पाहत राहिला.

"मले वाटलं कामात असन," तो म्हणाला. "म्हणून भेटलो नाई. बस जाईन म्हणून आलो निंगून." त्यानं काचेवर दोन बोटं टेकवली. "मांगं पाह्यलं असतं तं दिसली असती ना, बाई? एवढ्याशाच अंतरावर होती."

सत्यभामानं तो भाग पुन्हा लहान केला, आणि पूर्ण फोटो पडद्यावर आला.

"हाच द्या," तो म्हणाला. "पण ह्या माणसाले काढून टाका."

"तुमाले?"

"हौ. मले काढून टाका. तिले ठेवा."

तिनं चौकट आखली आणि त्याला कापायला सुरुवात केली. आधी जिलेबी गेली, मग गाल, मग डोळे. कान गेला. पण खांदा निघेना. तो रचनाच्या हनुवटीवर आला होता. खांदा कापला की हनुवटीही जात होती, आणि ओठ अगदी कडेला येत होते.

"खांदा ऱ्हाते, भाऊ."

हेमराज कधी परत येऊन मागे उभा राहिला होता, कोणाला कळलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. आता तो मदत करू पाहत होता आणि त्याला हीच मदत येत होती. "काका, ए.आय. है ना. कंधा हटाके पूरा चेहरा बना देगा. गाल भी भर देगा. हँसता हुआ चाहिए तो हँसता हुआ. दो मिनट का काम है."

"थे कोणाचं ऱ्हाईन?" दुलीचंदनं विचारलं.

"क्या, काका?"

"थे खालचं. हनुवटी. थे कोणाची लावता तुमी?"

हेमराजनं सत्यभामाकडे पाहिलं. तिनं पडद्याकडे पाहिलं.

"नको मंग," दुलीचंद म्हणाला. "माही पोरगी मले पुरते."

मोठा फोटो होईना. भिंतीवर लावण्याएवढा केला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे, रचना विरघळून जायची. कमी करत करत पोस्टकार्डाएवढा केला तेव्हा ती पुन्हा माणूस झाली. सत्यभामानं छापला. कागद मशीनमधून हळूहळू बाहेर आला : आधी टिनाचं छप्पर, मग कपाळ, मग डोळे. ती आपल्याकडे पाहत नाही हे माहीत असूनही सत्यभामाला मान खाली घालावीशी वाटली. कोपऱ्यात पांढऱ्या सदऱ्याचा खांदा.

"शाई ओली हाये, पाकिटात घालू नका," ती म्हणाली. "तोंडाले बोट लागू द्याचं नाई. असं कडेनं धरा, दोनी हातानं. जरा थांबता का? वाळन."

"बस जाईन," तो म्हणाला.

तिनं दाखवलं तसा त्यानं फोटो धरला. दोन्ही हातांच्या बोटांत फक्त कडा, अंगापासून लांब, काठोकाठ भरलेली ताटली न्यावी तसा. पिशवी त्यानं कोपराला अडकवली. काउंटरपाशी थांबून त्यानं हेमराजकडे पाहिलं. हेमराजनं मान हलवली, काही नको म्हणून.

काचेचं दार ओढून उघडायचं होतं. दुलीचंद त्याच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हातांत मुलगी घेऊन, आणि दाराकडे पाहत राहिला. गिऱ्हाईक कोणीही असो, खुर्चीतून न उठणारा हेमराज उठला, वळसा घालून आला आणि दार धरून उभा राहिला.

बाहेर पायरीवर उन्हाची तिरीप होती. दुलीचंद डोळे फोटोवरून काढत नव्हता. पायांनीच तो चपला शोधत होता. एक बोट इकडं, एक तिकडं, चप्पल उलटी झालेली. सत्यभामा खाली बसली. तिनं ती सुलटी केली, दुसरी तिच्याशेजारी आणली, आणि दोन्ही त्याच्या पायांसमोर नीट लावून दिल्या.